दम्याची पुडी

नर्सनं जनकाबाईच्या दंडावर पट्टा पुन्हा आवळला, पुन्हा हवा भरली आणि डॉक्टरीणबाईंकडे बघून नुसती मान हलवली. बीपी लागत नव्हतं.

नांदुऱ्याच्या त्या लहानशा दवाखान्यात भर दुपारी दिवा लावलेला होता. जनकाबाई खाटेवर डोळे अर्धे मिटून पडली होती. सकाळपासून उलट्या झाल्या होत्या आणि न्हाणीच्या दारात ती कोसळली होती. तिच्या चपला हातात धरून नवरा शालिग्राम भिंतीला चिकटून उभा होता.

डॉ. सुवर्णांनी तिचा चेहरा निरखला. गाल गरगरीत, हातपाय मात्र काडीसारखे. दंडावर, मनगटावर निळे-काळे डाग.

"मार लागलाय का यांना?"

"नाई मॅडम. आजकाल नुसता हात लागला तरी निळं होते."

"आजार काय आहे?"

"दमा. जुना."

"औषध काय चालू आहे?"

"काईच नाई." शालिग्राम जरा घुटमळला. "म्हंजे, आता काईच नाई. आधी पुडी चालू होती."

"कसली पुडी?"

आठवडी बाजारात पहाडाकडचा एक माणूस बसायचा. जडीबुटीची म्हणून पांढरी पुडी द्यायचा. दोन वर्षांपासून जनकाबाई रोज पुडी घेत होती. पहिली घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापताना गाणं म्हणाली होती. हे सांगताना शालिग्रामचा चेहरा क्षणभर उजळला.

"मग बंद का केली?"

"मागच्या हप्त्यात मोबाईलवर पाह्यलं ना मॅडम. अशा पुड्यात इस्टेराईड राह्यते म्हने. हाडं सडवते. मले लय भेव वाटलं. होत्या नव्हत्या तेवढ्या पुड्या मी नालीत टाकल्या."

बरं केलं, असं त्या म्हणतील म्हणून तो थांबला. डॉक्टरीणबाई मात्र नर्सकडे वळल्या होत्या.

"हायड्रोकॉर्टिसोन. लवकर. आणि सलाईन जोरात सोडा."

"हे कायचं इंजिक्शन हाये?"

"स्टेरॉईडचं."

चपला खाली पडल्या. शालिग्राम पुढं आला आणि त्यानं आपला रुंद पंजा बायकोच्या दंडावर आडवा धरला.

"नाई. तेच नका देऊ तिले. हात जोडतो."

"काका, नीट ऐका. आपलं शरीर रोज थोडं स्टेरॉईड स्वतः बनवतं. बाहेरून इतके दिवस मिळत गेलं की ते बनवायचं थांबतं. तुम्ही पुडी एका दिवसात बंद केली. आता यांच्या अंगात बाहेरचंही नाही आणि स्वतःचंही नाही. हात काढा."

तो हलला नाही.

"हात काढा. नाहीतर त्या जातील."

शालिग्रामनं पंजा उचलला. तो हवेतच राहिला. सुई आत गेली तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

सलाईनचे थेंब पडत राहिले. नर्स पुन्हा पुन्हा पट्टा आवळत होती. बाहेर कोणाचं तरी लेकरू रडत होतं, गप्प होत होतं, पुन्हा रडत होतं. बऱ्याच वेळानं नर्स म्हणाली, "लागलं मॅडम. कमी आहे, पण लागलं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. "आता हे औषध हळूहळूच कमी करू. दम्यासाठी पंप देईन, त्यातलं औषध सरळ फुप्फुसात जातं, फार थोडं लागतं. घाबरू नका." मग त्यांनी विचारलं, "ती पुडी तुमच्या घरात अजून कोणी घेत होतं?"

"घरात कोनी नाई."

एवढं बोलून तो खिसा चाचपू लागला.

"बहीन," तो म्हणाला. "बेबी. सोनाळ्याची. तिलेबी दमा हाये. मीच नेऊन देत होतो. तिलेबी फोन करून सांगतलं, फेकून दे म्हून."

त्यानं खिशातून मोबाईल काढून नर्सच्या हातात दिला. तिनं नंबर लावून दिला आणि आवाज मोठा केला.

"भाऊ!" बेबीताईचा आवाज दुरून यावा तसा आला. "काऊन फोन केला?"

"तब्येत कशी हाये तुही?"

"पडून हावो. कालपासून मळमळ करून राह्यलं, उठलं की भवंड येते. पन एक सांगू, तोंडाची सूज उतरून राह्यली! ते विष निघून राह्यलं वाटते अंगातून."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. "बेबीताई, मी नांदुऱ्याहून डॉक्टर बोलतेय. आत्ताच्या आत्ता कोणाला तरी सोबत घेऊन गावच्या आरोग्य केंद्रात जा. मी तिथं कळवते. इंजेक्शन घ्यावं लागेल. तुम्ही फेकलं तेच औषध आहे, पण मोजून दिलेलं. नाही घेतलं तर जिवाला धोका आहे."

पलीकडून श्वास ऐकू आला. आखूड, शिटी वाजल्यासारखा.

"भाऊले द्या फोन."

शालिग्रामनं फोन कानाशी धरला.

"हे बाई तेच घ्या म्हनते, भाऊ. तू तं म्हनला, हाडं सडवते. मले काय समजते त्यातलं? तू सांग. तू म्हनशीन तसं करीन मी."

त्यानं खाटेकडं पाहिलं. जनकाबाईचे डोळे आता उघडे होते, पण ती त्याच्याकडं पाहत होती की छताकडं, ते कळत नव्हतं.

"जा बेबे," तो म्हणाला. "लवकर जा. घे ते."

"बरं. जातो." खाट करकरल्याचा आवाज आला. मग बेबीताईनं विचारलं, "पन तुहा आवाज काऊन असा कापून राह्यला, भाऊ?"