चोचीकडे पोहणारा मासा

पेलिकनांचा थवा अर्धवर्तुळ करून मासे उथळ पाण्याकडे रेटत होता. तापाने अशक्त झालेली एक मादी मात्र मागेच राहिली होती. ती बरी होईपर्यंत तलावात मासेमारी बंद होती.

पक्षिवैद्य मृणालिनी यांनी औषध भरलेला यांत्रिक मासा पाण्यात सोडला. इतर मासे पळत असताना तो तापाचा माग काढत थेट मादीच्या चोचीकडे निघाला.

“बाई, हा मासा खुळा आहे का?” होडी वल्हवणाऱ्या गेनूतात्या भोईंनी विचारले.

“खुळा नाही, तात्या. औषध आहे.”

मादीने तो चोचीखालच्या झोळीत घेतला, पाणी निथळू दिले आणि गिळला.

काही दिवसांनी तिने थव्यासोबत जिवंत मासा पकडला.

“आमच्या आधी हिनेच हात मारला!” असे म्हणत तात्या आनंदाने जाळे उलगडू लागले.