पट्टीचा इशारा

अण्णांच्या पायाच्या जखमेवर डॉक्टरांनी सेन्सरची पट्टी लावली होती. जखम चिघळू लागली की दोन्ही मुलांचे मोबाईल वाजणार. त्या सकाळी ते वाजले. थोरल्याने मीटिंगमध्ये आवाज बंद केला. मनात म्हटलं, धाकटा जाईल. धाकट्याला वाटलं, दादा बघेल.

संध्याकाळी दोघे घरी पोचले, तर दाराला कुलूप. तापाने फणफणलेल्या अण्णांना शेजारच्या काकूंनी केव्हाच दवाखान्यात नेलं होतं. "तू का नाही गेलास?" "तू थोरला ना?" हे वॉर्डाच्या दारापर्यंत चाललं. आत अण्णांचा बांधलेला पाय दिसला आणि थोरल्याची मान खाली गेली.

अण्णाच ओशाळून म्हणाले, "सिस्टरना सांगून पट्टीच्या इशाऱ्यातून तुमचे नंबर काढून टाकलेत रे. ऐन कामात तुम्हाला उगीच त्रास."