व्रानिकच्या दारातलं जावळ

भरदुपारी व्रानिक किल्ल्याचा दरवाजा करकरत उघडला आणि सरदार बेरिवोय मांडीवर थाप मारून हसला.

"काय म्हटलं होतं मी? संत इलियाच्या सणाआधी व्रानिक माझा!"

"दरवाजा उघडलाय, किल्ला नाही," त्याचा म्हातारा काका ग्रुबान म्हणाला. "आधी बाहेर कोण येतंय ते बघ."

बेरिवोयनं तिकडे कानाडोळा केला. द्रीना नदीच्या या काठावरचे सगळे किल्ले त्याचे होते, एक व्रानिक सोडून. व्रानिकचा धनी हिवाळ्यात तापानं गेला. मागे राहिली त्याची बायको दोब्रिला, मूठभर शिपाई आणि एक लहानगं पोर. बेरिवोयनं वेढा घातला. बेत साधा होता. बाईची रवानगी माहेरी, पोराची मठात. एकदा पोराच्या अंगावर साधूचा झगा चढला की वारसा मागायला उरतंय कोण?

दोब्रिला उतारावरून खाली आली. हातात किल्ल्या नव्हत्या. कडेवर पोर होतं. मागून एक म्हातारी दासी परात घेऊन येत होती, आणि परातीत भाकर, मीठ, मेणबत्ती आणि कातर.

बेरिवोयचं हसू जागच्या जागी जिरलं. "हे काय? किल्ल्या कुठायत?"

"किल्ल्या कसल्या, सरदार? पोराचं जावळ काढायचंय." बाई शेवटच्या तंबूपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. "बाप नाही याला. देवाची आणि संत योवानाची आण घालते. तुम्ही याचे कूम व्हा."

शिपायांनी भराभर टोप्या काढल्या. पोराची पहिली बट कापतो तो त्या घराचा कूम, पाठच्या भावाहून जवळचा. कुमाच्या घरावर हत्यार उचलणाऱ्याला या डोंगरात कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. आणि संत योवानाची आण घालून मागितलेलं नातं झिडकारणाऱ्याबद्दल तर लोक जे बोलतात ते इथं न लिहिलेलं बरं.

"काका, बाईनं फास टाकला की हो माझ्या गळ्यात!"

"शोभतोय तुला."

"आणि नाही म्हटलं तर?"

"म्हण की. उद्या सकाळी तुझ्याबरोबर तुझा घोडा तेवढा उरेल. तोही विचार करून."

बेरिवोयच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा हजारांच्या फौजेला न भिणारा तो, आणि एका विधवेनं त्याला कातर दाखवून थांबवावं? त्यानं पोराकडे डोळे वटारले. पोरानं हात लांब करून त्याची दाढी धरली आणि चांगली ओढली. पोर त्याला आवडलं. आवडलं, हे त्याला मुळीच आवडलं नाही.

"आण ती कातर," तो गुरगुरला.

त्यानं डोक्याच्या चारी बाजूंची एकेक बट कापली आणि मेणाच्या गोळीत दाबून आईच्या हाती दिली. "नाव काय रे तुझं, दाढीचोरा?"

"ओब्राद," आई म्हणाली.

आता कुमानं भेट द्यायची. काकानं स्वतःच्या कमरेचा चांदीचा पट्टा सोडून पुढे केला. "हा दे आणि चल घरी. उजेडात पोचू."

"पट्टा?" बेरिवोय खवळला. "मी कूम होणार आणि पट्टा देणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या! बेरिवोय द्यायला लागला की असं देतो..."

तो मध्येच थांबला. हळूहळू त्याचा चेहरा फुलत गेला. त्यानं पोराला उचलून डोक्यावर धरलं आणि त्याचं तोंड किल्ल्याकडे वळवलं.

"ऐका रे सगळे! माझ्या धर्मपुत्राला मी जावळाची भेट देतो. व्रानिकचा किल्ला, कुरणं आणि गिरण्यांसकट! ओब्राद तो माझ्या हातून घेतोय आणि माझा मांडलिक म्हणून इथं नांदेल!"

क्षणभर कुणालाच उमगलं नाही. मग काकाला खोकला येईपर्यंत हसू फुटलं. "अरे लबाडा!"

आपलं नसलेलं कोण कुणाला देतो? भेट घेतली, म्हणजे किल्ला बेरिवोयचाच होता हे बाईनं चारचौघांत कबूल केलं. नाकारली, तर कुमाचा अपमान, नातं तुटलं, वेढा पुन्हा सुरू. एक बाण न सोडता सगळं जमलं होतं. बेरिवोय स्वतःवर भलताच खूश झाला.

"काय कूमबाई, भेट पसंत आहे ना?"

दोब्रिलानं वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हरलेल्या माणसाचं नव्हे.

"पसंत आहे, कुमा. चला वर. कोकरू सकाळपासून निखाऱ्यावर फिरतंय."

"सकाळपासून?" बेरिवोयनं पोराला खाली घेतलं. "मी किल्ला देऊन टाकणार हे तुम्हाला सकाळीच ठाऊक होतं?"

"सकाळी कशाला? धनी जातानाच सांगून गेले होते," ती म्हणाली. "बेरिवोयशी लढलीस तर हरशील. पण दिलेलं परत घेताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याला द्यायला लाव."