गिलावा

लेकीने हट्टाने बापाला शहरातल्या त्या नव्या बिअर पबमध्ये नेलं. बाप उभा जन्म गिलावा करत आलेला मिस्त्री. आत पाहतो तर तीन भिंतींना गिलाव्याचा पत्ताच नाही. उघड्या विटा, डोक्यावर उघडे पाइप, बसायला साधी लाकडी बाकं.

"काम अर्धवट टाकून गवंडी पळाला की काय गं?" त्याने मोठ्यानेच विचारलं. लेक कानकोंडी झाली.

ग्लास आणून ठेवणारा मालक मात्र हसला. "काका, हे जुनं साबणाचं गोदाम. आम्हाला झाकपाक नकोच होती. तीन भिंतींचा गिलावा दोन दिवसांत खरवडून काढला. ही मागची चौथी काही दाद देईना. दोन मशिनं जळाली, शेवटी आम्हीच हात टेकले. कुणी केलाय, देव जाणे!"

मिस्त्रीने एक घोट घेतला, मिशीवरचा फेस पुसला आणि उठून त्या भिंतीवर तळहात ठेवला. मग अख्ख्या पबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,


"एका भिंतीला चार दिवस लावतोस म्हणून ठेकेदाराने मला कामावरून हाकललं होतं, ती ही भिंत!"