काजळी गप आहे

काजळीने भाकरी हुंगली आणि मान फिरवली. रेश्माने दुधात आणखी बारीक चुरून बोटाने तिच्या ओठाला लावली, तरी कुत्रीने जीभ बाहेर काढली नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकून ती अवघडून बसली होती. धड बसणं नाही की धड निजणं नाही. पोट तेवढं जमिनीला लागू देत नव्हती.

परवा कोल्हारच्या डॉक्टरने तिची पिशवी काढली होती. मागच्या खेपेची पिल्लं उसातल्या बिबट्याने एकेक करून नेली, तेव्हाच रेश्माच्या नवऱ्याने, कल्याणने ठरवलं होतं की पुन्हा हे डोळ्यांनी बघायचं नाही. ऑपरेशन करून कुत्रीला घरी आणलं आणि त्याच दुपारी रेश्माला भावाच्या आजारपणापायी पुणतांब्याला माहेरी जावं लागलं. जाताना दुखण्याचं औषध तिने सासूच्या हाती दिलं होतं. आज ती परतली होती.

"आत्याबाई, औषध पाजलं का हिला?"

छबूबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. "न्हाई पाजलं."

"आवो, डॉक्टरांनी रोज द्यायला सांगितलं हुतं."

"गुंगी येती त्यानं. कुत्री झोपली तर वस्ती कोन राखनार? जरा दुखलं तर जागी तरी राहती." तिने टरफलं पदरातून झटकली. "माझी पिशवी काढली तवा मला कुनी पाजलं हुतं औषध? चौथ्या दिशी शेन काढत हुते मी. आन ही कन्हती तरी का? कालपासून आवाज न्हाई तिचा."

छबूबाई दुष्ट नव्हती. घरातल्यांच्या आधी काजळीला भाकरी टाकणारी हीच. पण आयुष्यात जे सोसलं तेच तिचं माप झालं होतं, आणि त्या मापाला पुरेल एवढं दुखणं जगात दुसऱ्या कुणाला होतच नव्हतं. रेश्माला तिचा राग आला. आपण गेलो कशाला, म्हणून स्वतःचा त्याहून जास्त आला. तिने कोनाड्यातून बाटली काढली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"कुत्रं दुखणं लपवतं, ताई," डॉक्टर म्हणाला होता. "ते रडेल याची वाट बघत बसू नका."

दिवस मावळला होता. लाइट आली तशी विहिरीवरची मोटार घरघरायला लागली. कल्याण बॅटरी घेऊन उसाच्या बांधावर उभा होता. आत शिरून एका सरीचं पाणी दुसरीत वळवायचं होतं. त्याने चपला काढून बांधावर ठेवल्या आणि नेहमीसारखं घराकडे बघितलं.

बिबट्या या पट्ट्यात आल्यापासून वस्तीवरचा हा रिवाज होता. काजळी भुंकली की माणसं उसाबाहेर थांबायची, ती गप असली की आत शिरायची. वनखात्याच्या पिंजऱ्यातली शेळी बिबट्याची वाट बघून म्हातारी झाली, पण काजळी कधी चुकली नव्हती.

"गप हाय ना ती?" कल्याणने हाळी दिली.

"गप हाय," छबूबाई ओट्यावरून ओरडली. "जा तू."

रेश्मा बाटलीचं झाकण पिळत होती. तिची नजर काजळीकडे गेली आणि हात थांबला.

काजळी उठून उभी राहिली होती. मानेवरचे केस ताठ, कान उसाकडे. दावणीच्या शेळ्यांनी रवंथ थांबवलं होतं. कुत्रीने तोंड उघडलं. पोट आत ओढलं गेलं, टाक्यांपाशी कातडी थरथरली, पाय लटपटले, आणि तोंड मिटलं. तिने परत उघडलं. नुसता श्वास बाहेर आला.

धाकट्या पार्थच्या वेळी रेश्माचं सिझर झालं होतं, तेव्हा आठवडाभर तिला खोकता येत नव्हतं. खोकला छातीतून नाही, पोटातून येतो हे तिला तेव्हा कळलं होतं. भुंकणंही तिथूनच येत असणार. दोन दिवस ही पोर भुंकायला बघत असेल आणि आपण म्हणतोय, गप आहे.

"आवो, थांबा. आत जाऊ नका."

बाटली हातातून सुटली. रेश्मा बांधाकडे धावत सुटली. पुन्हा ओरडली, घसा ताणून ओरडली. मोटारीच्या घरघरीत आणि पाइपातून कोसळणाऱ्या पाण्यात तिचा आवाज उसाच्या आत पोचेना. बांधावर कल्याणच्या चपला तेवढ्या होत्या, एकीला एक लावून ठेवलेल्या.

मागून छबूबाईचं चाललंच होतं. "अगं, वरडतीस कशापायी? कुत्री गप हाय की."

वारा पार पडला होता. तरी ऊस दोन ठिकाणी हलत होता.

बॅटरीचा उजेड एकाच ठिकाणी होता.