अठराशे पन्नासचा कायदा

सुलभाकाकू शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. हर्षिता वर्गात कुठंही वळली तरी त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. फळ्यावर १८५० लिहिताना तिच्या हातातला खडू मोडला.

काकू म्हणजे तिच्या रूममेटची, अदितीची आई. पुण्याहून येऊन त्यांना चारच दिवस झाले होते. हर्षिता इतिहासात पीएचडी करत होती आणि शुक्रवारी दुपारी पहिल्या वर्षाच्या मुलांचा तास घ्यायची. आज अदितीला लॅबमधून निघता येत नव्हतं, आणि काकूंना अमेरिकेतला वर्ग बघायचा होता. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. कॅम्पसच्या बसमध्ये काकूंनी विचारलं, वडील कुठले? वर्ध्याचे, असं तिच्या तोंडून निघून गेलं. वर्ध्यात कुठं, काय करायचे? पोस्टात होते, एवढं सांगून ती खिडकीबाहेर बघत राहिली. तेव्हापासून काकू तिच्याकडे बघत होत्या.

दोन वर्षं हर्षिता असंच मोजकं बोलत आली होती. पासपोर्टवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव पडलं होतं, दादाराव. इथं तिनं तेच चालू ठेवलं. राहायला आली त्या आठवड्यात अदिती म्हणाली होती, बरं झालं यार, आपल्यातलीच मिळाली. हर्षितानं तेव्हा ते खोडून काढलं नाही. नंतर ते दर महिन्याला आणखी अवघड होत गेलं. बाबासाहेबांचा फोटो बॅगेत, स्वेटरांच्या खाली होता. चौदा एप्रिलला ती दार लावून घ्यायची आणि अभ्यास आहे म्हणायची.

तिनं नवा खडू घेतला आणि शिकवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाला गुलामगिरीशिवाय संघराज्यात घ्यायचं, तर बदल्यात गुलाम ठेवणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांना काहीतरी देणं भाग होतं. संसदेनं पळालेल्या गुलामांना परत धरून नेण्याचा हा कायदा दिला. गुलामाला उत्तरेत पळून येऊन कितीही वर्षं झालेली असोत, मालकाच्या माणसानं ओळख पटवली की त्याला परत न्यायचं. पकडलेल्याला स्वतःची बाजू मांडायची सोय नाही. लपवणाऱ्याला तुरुंग. उत्तरेतल्या लोकांना गुलामगिरी दूर कुठंतरी आहे असं वाटायचं. आता त्यांच्याच गल्लीतून माणसं धरून नेली जाऊ लागली. लोक रस्त्यावर उतरले. तडजोड म्हणून केलेल्या कायद्यानं दोन्ही बाजू आणखी चिडल्या, आणि अकरा वर्षांत युद्ध पेटलं.

मग तिनं एका पत्राच्या झेरॉक्स वाटल्या. हॅना नावाच्या बाईचं पत्र. मेरीलँडमधून पळून येऊन ती फिलाडेल्फियात नऊ वर्षं शिवणकाम करत होती. कायदा झाला आणि तिनं बाजारात जाणं सोडलं. दारावर थाप पडली की ती मुलीला घेऊन कोळशाच्या खोलीत जाऊन बसायची.

पुढच्या रांगेतल्या केटीनं हात वर केला. शेजारीपाजारी हिला नऊ वर्षं स्वतंत्र बाई म्हणूनच ओळखत होते, मग ही एवढी का घाबरली, असं तिला विचारायचं होतं.

हर्षिताकडे कायद्याच्या कलमांचं उत्तर तयार होतं. ते तिनं बाजूला ठेवलं.

"कारण गावाकडचं कुणीतरी कधीही येऊ शकतं," ती म्हणाली. "आणि ओळखायला एकच माणूस पुरतं."

मुलं वहीत लिहीत होती. हॅनाच्या हातात बेड्या पडणार होत्या. आपल्याला कोण काय करणार होतं? एक खोली सुटेल, एक मैत्रीण तुटेल. हॅनाला बोलायची सोय नव्हती. आपल्याला आहे, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

तास संपला. मुलं बाहेर पडली. काकू रांगांमधून हळूहळू पुढं आल्या आणि अगदी जवळ येऊन थांबल्या.

"तू दादाराव पोस्टमनची मुलगी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "चेहरा बापाचाच आहे. पहिल्या दिवशीच ओळखलं मी तुला."

हर्षितानं टेबलाची कड धरली.

"हो. आम्ही बौद्ध आहोत, काकू. अदितीला मी आजच सांगणार आहे. तुम्ही सांगण्याआधी मीच सांगते."

काकू समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हर्षिताचा हात घट्ट धरला.

"वर्ध्यात, आपल्याच वस्तीत, दादारावच्या आणि माझ्या माहेरच्या घराची भिंत एकच होती, पोरी. तुझं तू सांग. माझं नको सांगू. अदितीला ठाऊक नाही."