पांढरीचा वाटा

"आणखी एक फेरी मारून बघ," असं म्हणत पार्श्वनाथने तांबड्या डॅटसनची किल्ली धाकट्या भावाच्या हातावर ठेवली. जिनगोंडाने किल्ली घेतली, पण त्याची नजर शेजारच्या पांढऱ्या टोयोटावरून हलेना.

शाहूपुरीतल्या मगदुमांच्या दारात दोन्ही गाड्या उभ्या होत्या आणि निम्मी गल्ली बघायला जमली होती. अँबॅसिडर आणि फियाटवर समाधान मानणाऱ्या गावात एक जपानी गाडी आली असती तरी कौतुक झालं असतं. इथे एकाच घरात दोन. मुंबईच्या वकिलातीतले दोन साहेब बदली होऊन मायदेशी निघाले आणि त्यांच्या गाड्या पार्श्वनाथने एकदमच उचलल्या. भावाभावांची वाटणी ठरलीच होती, तेव्हा एकेकाला एक झाली.

वाटणीची रीत जुनी होती. थोरल्याने दोन वाटे करायचे आणि धाकट्याने त्यातला हवा तो उचलायचा. मग थोरल्याला लबाडी करता येत नाही, कारण उरलेला वाटा त्याच्याच पदरात पडतो. आणि पंचासमोर एकदा वाटा उचलला की शब्द फिरत नाही.

पार्श्वनाथने केलेले वाटे दत्तोपंत वकिलांनी सगळ्यांना ऐकवले. शिरोली एमआयडीसीतली जुनी फाउंड्री, शाहूपुरीतलं राहतं घर आणि तांबडी डॅटसन हा एक. नवी फाउंड्री, नागाळा पार्कातला नवा बंगला आणि पांढरी टोयोटा हा दुसरा. तराजूत घातले असते तरी काटा हलला नसता. जिनगोंडाला विचार करायला आठवडा मिळाला.

दुसऱ्या कुणी फाउंड्रीच्या भट्ट्या पाहिल्या असत्या, बंगल्याच्या भिंती ठोकून पाहिल्या असत्या. जिनगोंडा गाड्या बघत बसला. खरं तर त्याचं मन तांबडीवर जडलं होतं. शिरोलीच्या पुढे हायवेला त्याने पाय दाबला तेव्हा गाडी अशी काही सुटली की वळवून त्याने तोच पट्टा पुन्हा एकदा पळवला. पांढरी दमदार होती, पण शहाण्यासारखी पळायची.

पण जिनगोंडाचं दुखणं लहानपणापासूनचं होतं. थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, हातात गेलेली वस्तू त्याला लगेच गोड लागायची. अण्णाची पाटी, अण्णाचं घड्याळ, अण्णाच्या वाटणीचा ऊस. घरात लाड त्याचे झाले, आई, म्हणजे आक्का, वाढताना तुपाची धार त्याच्याच ताटात लांबवायची, तरी हा शेजारच्या ताटात बघत जेवायचा.

त्या आठवड्यात त्याने भावावर पाळत ठेवली. पार्श्वनाथ रोज सकाळी पांढरी गाडी स्वतः पुसायचा. तांबडीला फडकं लावत नव्हता. संध्याकाळी बायकोला, रत्नाबाईंना, पांढरीत बसवून रंकाळा तलावावर नेलं. एकदा तर गाडी बंद असताना तो नुसताच आत बसून स्टिअरिंगवर हात फिरवत होता. माडीवरून ते बघताना जिनगोंडाच्या अंगाची आग झाली.

दोघा भावांनी आक्कालाही गाडीत बसवायचा प्रयत्न केला. म्हातारी हसली आणि चालायला लागली. नवरा गेल्यापासून रोज दोन वेळा गल्लीच्या टोकाच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, अनवाणी चालत जाऊन दर्शन घ्यायचा तिचा नेम होता. तिला कसली गाडी आणि कसलं काय.

जिनगोंडाच्या बायकोने, चंदनाने, त्याला सरळ विचारलं, "तुमास्नी आवडली कुठली?"

"तांबडी."

"मग तांबडीच घ्या की."

"आणि अण्णानं पांढरीतनं गावभर हिंडायचं? मी बघत बसू व्हय?"

चंदनाने कपाळाला हात लावला. मग बंगल्यात स्वयंपाकघर मोठं आहे हे आठवून तिने आपली भांडी मोजायला घेतली.

ठरल्या दिवशी घराच्या पुढच्या सोप्यात दत्तोपंत बसले. खांबाला टेकून आक्का तांदूळ निवडत होती. वकिलांनी विचारलं आणि जिनगोंडाने भावाच्या तोंडाकडे बघतच सांगून टाकलं, "पांढरीचा वाटा."

पार्श्वनाथने क्षणभर डोळे मिटले. जिनगोंडाला ते फार बरं वाटलं. तांबडी हातची गेली याचं दुःख त्या एका क्षणात विरून गेलं. अण्णाने मान हलवली, दत्तोपंतांनी दोघांच्या हातावर साखर ठेवली आणि वाटणी झाली.

जिनगोंडा खुशीत उठला. "आक्का, ट्रंक काढ तुझी. बंगल्यातली मागची खोली तुझ्यासाठी ठेवलीया. पांढरीतनंच जाऊ."

आक्काचा हात सुपात थांबला. "मी कुठं येऊ बाळ? सकाळी दर्शनाबगार पाणीबी घेत न्हाय मी. तिथनं एवढ्या लांब बस्तीला अनवाणी रोज कशी चालत येऊ?"

"गाडीनं सोडतो की."

"गाडीनं नेम हुतोय व्हय?"

त्या घराशिवाय आक्का आणि आक्काशिवाय ते घर जिनगोंडाने कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून वाटे ऐकताना हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याने वकिलांकडे पाहिलं. वकील चष्मा पुसत होते. मग तो भावाकडे वळला.

"अण्णा, बदल की वाटा. मी हितंच राहतो. बंगला घे, पांढरी घे, तुला तीच आवडती न्हवं?"

पार्श्वनाथ आईच्या शेजारी जमिनीवर बसला आणि तिच्या सुपातले खडे वेचायला लागला.

"तांबडीबी घेऊन जा," तो म्हणाला. "मला फकस्त आक्का पायजे हुती."